ढोरं स्लॅबात, माणसं कोठ्यात

२१ मे २००६

किशोरची माय आज चिखलदऱ्याले गेली. भांडून नाही, रुसून नाही. पिशवीत लुगडी भरली, तुळशीले पाणी घातलं अन् एस.टी.त जाऊन बसली. झालं असं, की सोमवारी भर दुपारी ती चुलीपुढं घेरी येऊन पडली. सकाळपासून लाईन नव्हती, पंखा बंद, कूलर बंद, अन् वरून हा स्लॅब. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचली, पुढच्या उन्हाळ्यात या घरात ठेवाल तं मले बोलवू नका.

हा स्लॅब मीच टाकला. कापसाले भाव होता त्या साली. गावातला पहिला स्लॅब माझा, लय तोरा होता मले त्याचा. आता त्याच स्लॅबाखाली माणूस भाजून निघते अन् मी बाहेर निंबाखाली खाट टाकून बसतो. जाताना ती एकच बोलली, "राहाता येईन असं घर करा, मंग बोलवा. तवरोक मी भावाकडे." तिचा भाऊ रामराव तिथं एका बंगल्याची राखण करते. थंड हवा, कॉफीची झाडं, बहिणीवर जीव. ती परत कशाले येईल, सांगा.

बियाण्याच्या दुकानदारानं जानेवारीत दिलेली ही डायरी कोरीच होती. घरात बोलाले कोणी नाही, तं इथं बोलतो.

२६ मे

आज एक गंमत झाली. दुपारी जुना वखर शोधाले ढोरांच्या कोठ्यात शिरलो, पोत्यावर टेकलो अन् डोळा लागला. उठलो तं उन्हं कलली होती, अंगाले घामाचा टिपूस नाही. बाहेर पाहाल तं कुत्रं नालीत जीभ काढून पडेल.

कोठा आजोबाच्या हातचा. पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती, सागाचे खांब, वर छत म्हणून मातीचं धाबं. मागच्या साली बैलजोडी विकली तेव्हापासून एक गाय सोडली तं रिकामाच आहे. बैल इतकी वर्षं गारव्यात झोपले अन् मी ऐटीत भट्टीत झोपलो. अक्कल आली तं अशी येते, ढोरांच्या जागी लोळल्यावर.

या कोठ्याचंच घर करीन. ठरलं म्हणजे ठरलं.

२ जून

गावात बातमी पसरली. चावडीवर लोक मले पाहून म्हणतात, सूर्यभानकडे ढोरं स्लॅबात अन् माणसं कोठ्यात राहाणार. खोटंही नाही, राहाली एक गाय, ती मी कालपासून स्लॅबच्या वऱ्हांड्यात बांधून राहिलो. तीही वैतागली आहे.

अकोल्याहून पोराचा, किशोरचा, फोन आला. तिथं तो कंपनीत आहे, सूनबाई रागिणी शिकवण्या घेते. म्हणे, बाबा, लोक आधीच म्हणतात शेतकऱ्याचे दिवस फिरले, त्यात तुम्ही कोठ्यात राहाले गेले तं माझं नाक कापलं जाईन. मी म्हटलं, तुझं नाक अकोल्याले आहे, इथं तुझ्या मायचा जीव आहे. फोन ठेवला. मंग वाटलं, जरा जास्तच बोललो. पण बरोबर बोललो.

११ जून

रामरावनं फोनवर सांगतलं होतं, लाकूड पाहिजे तं परतवाड्याच्या इनायतुल्लाकडे जा, जुन्या घरांचं सामान तोच विकते. गेलो. बाप्पा, काय ते आवार. दारं, चौकटी, तुळया, कवेलू, जिन्याचे कठडे, सगळं रचून ठेवेल. इकडले तिकडले लोक घरं पाडून राहिले अन् साग विकून राहिले, कोणाचं लग्न अडलं, कोणाचा दवाखाना. इनायतुल्ला पांढऱ्या दाढीचा, हळू बोलणारा माणूस. मी काय करून राहिलो ते त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मंग म्हणाला, "सूर्यभानभाऊ, दोन वर्षं झाली, लाकूड घरातून बाहेरच येऊन राहिलं. तुमी पयले, जे आत नेऊन राहिले." अन् स्वतः उठून माझ्यासाठी तुळया निवडाले लागला.

त्याची बायको नसीमबानो मोठी हुशार बाई आहे. जेवायले थांबवलं मले. ताटात सगळ्यांले वांगं, मले एकट्याले गवार. वांग्यानं माझ्या अंगाले खाज सुटते हे तिले कसं समजलं असेल? चेहऱ्यावरून ओळखत असेल. काही बायांले देणगी असते.

तिनं एकच सांगतलं, की भाईसाब, मिट्टीकी दीवारपे सिमिट मत लगाना. मी हो म्हटलं. पण बाई माणसाले बांधकामातलं काय समजते?

३० जून

आतून सगळ्या भिंतींले सिमेंटचा गिलावा मारला. शेवटी पक्कं ते पक्कं. चावडीवरच्यांले बोलावून दाखवलं, आता बोला म्हटलं.

चिखलदऱ्याले फोन करून तिले सांगतलं, सिमेंट मारलं, एकदम चोख काम. ती तिकडून "बरं" म्हणाली अन् फोन रामरावच्या हाती दिला. तिले बांधकामाची आवड नाही. मी तं हौसेनं सांगून राहिलो होतो.

२३ ऑगस्ट

पोळा. पहिला पोळा बिनबैलाचा. मातीचे बैल आणले, कोठ्यातल्या गव्हाणीवर ठेवले, पुरणपोळी शेजारच्या कौशल्यानं दिली तीच दाखवली. पूजा करता करता रडू आलं, खोटं कशाले सांगू. मी या गव्हाणी फोडून जागा मोकळी करणार होतो. आज हात लावला अन् फोडवेना.

वर पाहिलं तं भिंतीचा गिलावा पापडासारखा फुगेल. बोट टेकवलं तं हातभर पोपडा खाली आला अन् मागून ओली माती निघाली. पांढऱ्या मातीचा ओलावा आत अडकला, बाहेर येईल कुठून. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं मी. नसीमबानोचं ऐकलं असतं तं सणाच्या दिवशी ही वेळ आली नसती.

१० सप्टेंबर

इनायतभाई स्वतः आला, भिंत पाहिली अन् छन्नी घेऊन सिमेंट काढाले बसला. न बोलणारा माणूस जास्त लागते मनाले. संग नसीमबानोही आली होती. ती कोठाभर फिरली. मी सांगतलं, या गव्हाणी ठेवाव्या का फोडाव्या, समजून नाही राहिलं. ती लगेच म्हणे, ठेवा, वर सागाची फळी टाका, खाली डाळदाणा राहील, वर माणूस बसेल. तिच्या तोंडून ऐकलं अन् मले वाटलं, अरे, हेच तं माझ्या मनात होतं.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली, पाऊस उघडला, भिंतींच्या गिलाव्याची माती सुरू केली. पांढरी माती, गव्हाचा भुसा, शेण, सगळं खड्ड्यात भिजवून आठ दिवस कुजवलं. मंग तुडवाले उतरलो. आधी मी अन् मिस्त्री. मंग कौशल्याचा नवरा उतरला. मंग चावडीवरचे दोघं-तिघं, जे माझ्यावर हसत होते तेच, धोतरं खोचून आत. कापूस घरात येऊन पडेल, भाव ऐकून कोणी बाजारात न्याले तयार नाही, रिकामं बसून माणूस कुढत राहाते. त्यापेक्षा चिखल बरा. कोणीतरी गाणं म्हणाले लागलं. या सालात गावात एवढं हसू मी ऐकलं नव्हतं.

सांजेले अंग मोडून आलं अन् मन फुलासारखं हलकं झालं होतं.

१९ नोव्हेंबर

चुलीच्या बाजूले कोनाडे कोरायचे होते. नसीमबानोनं पदरातून एक सुतळी काढली, तिले तीन गाठी. पहिल्या गाठीवर ओटा, दुसरीवर मीठ-मिरचीचा कोनाडा, तिसरीवर मोठ्या भांड्यांची फळी. मी विचारलं, हे माप कोणाचं? म्हणे, अंदाजाचं. ती बाई माझ्यापेक्षा वीतभर उंच, अन् कोनाडा एवढा खाली? किशोरची माय असती तं तिच्या बरोबर हाताशी आला असता. पण मी बोललो नाही. ऐकायचं असं ठरवलं आहे आता. ओटा मात्र मीच सांगतला, की उभ्यानं स्वयंपाक झाला पाहिजे. म्हणजे नसीमबानो म्हणाली होती आधी, पण पटलं मले लगेच.

इनायतभाईची एक तक्रार आहे. दर शुक्रवारी दुपारी घरचा फोन बायको अडवून ठेवते. कोणाशी बोलते, विचारलं तं म्हणे, सहेली आहे, पहाडावर राहाते. आम्ही दोघंही हसलो. बायकांले बोलाले विषय पुरतातच कसे.

१४ जानेवारी २००७

तिळगूळ घ्या. धाबं पूर्ण झालं. इनायतभाईच्या जुन्या तुळया, त्यावर जुन्या फळ्या, फळ्यांवर पळसाची पानं, वर मातीचा थर अन् सगळ्यावर खारी माती. खारी टाकली की धाबं गळत नाही, आजोबा दरसाल टाकत. मधात उजेडाले दोन भोकं ठेवली, साणं म्हणतो आपण त्याले, गरम हवा तिथून वर निघून जाते. नवीन विकत काय आणलं, तं खिळे, कड्या अन् एक सौर दिवा. बाकी अख्खं घर दुसऱ्यांच्या घरातून आलेलं. पुढचं दार अंजनगावच्या एका जुन्या कापसाच्या जिनिंगातलं आहे, त्यावर कापसाच्या गाडीची चाकं घासल्याच्या खुणा आहेत. त्या मी रंधा मारून काढू दिल्या नाहीत.

चिखलदऱ्याले फोन केला, तिळगूळ म्हटलं. ती हसली. लय दिवसांनी हसली. मी घराचं सांगाले लागलो तं म्हणे, ओट्याची कड गोल केली का, पोट लागते. आता ओटा केला हे मी हिले सांगतलं होतं का? सांगतलं असेल बुवा. वय झालं माझं.

१५ एप्रिल

किशोर अन् रागिणी दोन दिवस आले. आल्या आल्या पोरानं स्लॅबच्या घरात गायीले पाहिलं अन् कपाळाले हात लावला. दुपारी लाईन गेली. तो मुकाट उठून कोठ्यात आला, म्हणजे घरात आला, चटई टाकली अन् चार वाजेलोक घोरत होता. उठल्यावर म्हणे, बाबा, आमच्या अकोल्याच्या ब्लॉकात कूलर लावूनही असं होत नाही. रागिणी गव्हाणीच्या फळीवर बसून पेपर तपासत होती. तिनं तिथून उठून चहासुद्धा केला नाही, एवढी तिले जागा आवडली.

जिंकलो मी. उभं गाव येऊन जाते, भिंतीले गाल लावून पाहते.

२० एप्रिल

अक्षय तृतीया. आज घरात शिरायचं असं मी मनात पक्कं धरलं होतं. महिनाभर आधी फोन केला, आठवडाभर आधी फोन केला. घर तयार आहे, ये. ती म्हणाली, पाहू. पाहू म्हणजे काय? आज सकाळपासून रस्त्याकडे पाहून राहिलो. परतवाड्याची गाडी आली, गेली. ती आली नाही.

पुरण केलं होतं कौशल्यानं, घशाखाली उतरलं नाही. घर थंड आहे, ओटा आहे, कोनाडे आहेत, पाणी आहे. आता घोडं अडलं कुठं? भावाकडे सुख लागलं असेल तं तसं तोंडानं सांगावं. मी या म्हाताऱ्या हातानं माती तुडवली ते कोणासाठी? राग येऊन राहिला मले. अन् भीतीही वाटून राहिली. ती आलीच नाही तं या घरात मी एकटा काय करू, गार हवा खाऊ?

३ मे

परतवाड्याले गेलो, निमित्त कड्यांचं. खरं म्हणजे कोणाजवळ तरी बोलायचं होतं. सगळं सांगतलं. सतरा तारखेले धोंड्याचा महिना लागते, मंग महिनाभर घरात शिरता येत नाही, तेही सांगतलं. नसीमबानो पडद्याच्या दाराशी उभी होती, ती पुढं आली.

"भाईसाब, घरमें सब कुछ है. बस एक बात आपने उनसे पूछी नहीं."

मी म्हटलं, काय विचारू? ती म्हणे, हे मी सांगतलं तं मंग मीच विचारल्यासारखं होईन. तेवढं तुमचं तुमी पाहा.

वापस येताना गाडीत विचार करून डोकं दुखलं. किती विचारलं मी तिले. येते का, कधी येते, काहून येत नाही. आणखी काय राहिलं?

६ मे

आज चिखलदऱ्याले जाऊन आलो. घाटात गाडीले गार वारा लागला तेव्हाच मन खचलं, म्हटलं ही कशाले येते खाली.

रामरावच्या अंगणात ती तांदूळ निवडत होती. तब्येत चांगली झाली आहे. मले पाहून उठली, पाणी दिलं. अंगणातल्या शेणाच्या सारवणावर कोळशानं मोठे चौकोन काढेल होते, एकात गोल, एकात लांबट पट्टा, इकडे तिकडे फुल्या. शेजारच्या पोरींनी खेळाले काढले असतील. त्यावरून मी चालत गेलो तं किशोरची माय म्हणाली, बाजूनं या, पुसून जाईन. पोरांचं मन फार जपते ती, आधीपासून.

रामरावनं कॉफी दिली अन् काहीतरी काम काढून निघून गेला. मी बसलो. काय बोलावं, सुचेना. मी घराचं सांगाले लागलो, साणं, खारी, दार. ती मान हलवत होती. मंग माझं सांगून संपलं. असं कधी होत नाही, पण संपलं. अन् त्या शांततेत आपोआप तोंडातून निघालं, "तुले काय पाहिजे त्या घरात?"

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहातच राहिली. डोळ्यात पाणी आलं तिच्या, मले समजेना मी काय वाईट बोललो.

"लगन होऊन एवढे वर्सं झाले," ती म्हणाली, "आज पयल्यानं इचारलं तुमी."

मी विचार करून पाहिलं. स्लॅब टाकला तेव्हा विचारलं नव्हतं. बैल विकले तेव्हा नाही. सिमेंट मारलं तेव्हा तं फोन करून ऐकवलं फक्त. खाली मान घालून बसलो. मंग म्हटलं, सांग मंग आता.

"येऊन सांगीन," ती म्हणाली अन् पिशवी भराले आत गेली. पिशवी भरेलच होती वाटते, इतक्या लवकर बाहेर आली.

१३ मे

आज वास्तू झाली. किशोरची माय हे सात दिवस शेजारी कौशल्याकडे राहाली, वास्तूआधी घरात पाय ठेवला नाही. आधी गाय आत नेतात तशी नेली. ती सरळ जाऊन आपल्या जुन्या जागी, गव्हाणीशी, उभी राहिली अन् हलेना. भटजी मंत्र थांबवून उभे. गव्हाणीवर बसेल नसीमबानो अन् गाय एकमेकींकडे पाहून राहिल्या. शेवटी नसीमबानोच उठली, म्हणे, पहला हक़ इनका है. लोक पोट धरून हसले.

नसीमबानोची अन् किशोरच्या मायची आज पहिली भेट. मी ओळख करून देणार होतो, त्याआधीच दोघी गळ्यात गळा घालून उभ्या. बायकांची ओळख लवकर होते. किशोरची माय घरात अशी फिरली, की कोणाले काही विचारावं लागलं नाही. मीठ न पाहाता कोनाड्यातून काढलं. मी इनायतभाईले म्हटलं, पाहा, घर सरळ असलं की माणसाले आपोआप समजते. तो दाढी कुरवाळत म्हणाला, हो भाऊ, सही बात आहे.

जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर तिले म्हटलं, आता सांग. ती ओट्याजवळ गेली, उत्तरेच्या कोऱ्या भिंतीवर तळहात ठेवला अन् म्हणाली, "इथं खिडकी पायजे. स्लॅबच्या घरात भिंतीकडे तोंड करून रांधलं. तुमी वावरातून येऊन दारात खाकरले म्हंजे समजे, की आले. मले तुमी येताना दिसाले पायजे."

किशोर म्हणाला, माय, आजच सारवेल भिंत आहे, दिवाळीले करू. मी सब्बल आणली अन् भिंत खणाले लागलो. सिमेंटची भिंत असती तं दिवस गेला असता, मातीच्या भिंतीनं सांजेपर्यंत वाट दिली. वरून सागाचा आडवा दांडा टाकला. नवं धोतर मातीनं भरलं. भटजी म्हणे, वास्तू झाल्यावर भिंत फोडत नाहीत. मी म्हटलं, मंग हिचं घर व्हाले आताच सुरुवात झाली असं समजा.

चौकट कुठून आणावी, हा प्रश्न होता. पण इनायतभाईच्या मॅटाडोरमध्ये एक जुनी सागाची चौकट योगायोगानं पडेल होती, लोखंडी गजांसकट. लावली तं बरोब्बर बसली, एक सूतही कमी-जास्त नाही. नशीब म्हणतात ते हेच.

१५ मे

वावरात पऱ्हाटीचे फण, कापसाची ती वाळली खुंटं, गोळा करून जाळले, पेरणीची तयारी. उन्हं उतरल्यावर घरी निघालो. पांदणीच्या वळणाले आलो तं दुरून खिडकी दिसली, अन् खिडकीत ती. तिनं मान वर केली, मले पाहिलं अन् आत वळली.

दाराशी पोचलो तं गव्हाणीच्या फळीवर चहा वाफाळून राहिला होता. मी खाकरलो नव्हतो.